पिसारोचा शिष्य



नभोवाणीवरून चित्रकलेविषयीं बोलणें म्हणजे डोळे बांधून रंग ओळखण्यासारखें आहे. ज्या चित्राबद्दल मीं बोलावें तें तुमच्यासमोर नाहीं. ज्या रंगांचीं नांवें मीं घ्यावीं ते रंग शब्दांच्या पाठीवर बसून तुमच्या घरापर्यंत येत नाहींत. तरीहि आज हा विषय घेतला आहे, कारण मला सांगावयाची हकीकत चित्राची नसून चित्र शिकण्याची आहे, आणि शिकण्याची हकीकत कानांनीं ऐकली तरी चालते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समध्यें जे चित्रकार ‘इंप्रेशनिस्ट’ या नांवानें ओळखले गेले, व ज्यांच्या पंथाला आपल्याकडे दृक्प्रत्ययवाद असें भारदस्त नांव मिळालें आहे, त्यांच्या निसर्गचित्रांविषयीं एक समजूत फार रूढ आहे. हे लोक खांद्यावर घोडी टाकून नदीकांठीं जात, डोळे किलकिले करून पाहत, मनाला येतील तसे तैलरंगाचे फटकारे मारीत आणि दिवेलागणीला घरीं परत येत. त्यांत शिकण्यासारखें असें कांहीं नव्हतें, जें होतें तें नजरेचें दैवी देणें होतें, अशी ही समजूत आहे. हौशी मंडळींना ती फार सोयीची वाटते. ‘आम्हांला रेखाटन येत नाहीं, पण आम्ही इंप्रेशनिस्ट पद्धतीनें रंगवितों’ असें सांगणारे गृहस्थ मला अनेकदां भेटले आहेत. अशा गृहस्थांना मी नेहमी एका माणसाची गोष्ट सांगतों. १८७२ सालीं हा माणूस तेहतीस वर्षांचा होता, दहा-अकरा वर्षें चित्रें काढीत होता, एका मुलाचा बाप झाला होता. आणि त्या वयांत त्यानें आपल्या स्नेह्याचें एक निसर्गचित्र उसनें मागून आणलें व शाळकरी मुलानें कित्ता गिरवावा तसें तें उतरून काढलें. त्या माणसाचें नांव पॉल सेझान, आणि स्नेह्याचें नांव कामीय पिसारो.

पण त्या कित्त्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं, त्या काळीं निसर्गचित्र शिकत कसें असत तें पाहिलें पाहिजे. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेच्या दृष्टीनें निसर्गचित्र हा दुय्यम प्रकार होता. पुराणांतील अगर इतिहासांतील प्रसंग हा चित्राचा खरा विषय. डोंगर, झाडें, पाणी ही त्या प्रसंगाची पार्श्वभूमि. १८१७ सालीं रोमच्या शिष्यवृत्तीसाठीं ऐतिहासिक निसर्गचित्राचें एक स्वतंत्र पारितोषिक ठेवण्यांत आलें खरें, पण त्यांतहि निसर्गानें इतिहासाचा हात धरूनच यावें अशी अपेक्षा होती. आणि १८६३ सालीं तें पारितोषिकहि बंद झालें. चित्रकार उघड्यावर जात नसत असें मात्र नाहीं. ते जात, लहान कागदावर किंवा फळीवर तैलरंगांत टिपणें करीत. परंतु तीं टिपणें म्हणजे कच्चा माल. पक्कें चित्र चित्रशाळेंत, खिडकींतून येणाऱ्या स्थिर उजेडांत, महिनोन्‌महिने घोटून तयार व्हावयाचें. कॅनव्हासवर प्रथम तपकिरी रंगाचा हात, त्यावर छायेचे पातळ गडद थर, मग उजेडाचे जाड थर, आणि शेवटीं कुंचल्याची खूणहि दिसूं नये अशी सफाई. या पद्धतीनें थोर चित्रें निर्माण झालीं आहेत; तिची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. मात्र भर दुपारीं पांढऱ्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली निळसर कां दिसते, या प्रश्नाचें उत्तर तिच्याजवळ नव्हतें, कारण चित्रशाळेंत तो प्रश्न उत्पन्नच होत नव्हता.

प्रश्न उत्पन्न होण्यास बाहेर बसावें लागतें, आणि बाहेर बसण्यास सामान लागतें. इतिहास लिहिणारे मोठ्या कल्पनांच्या मागें लागतात आणि लहान नळ्या विसरतात. पूर्वीं तैलरंग म्हणजे जवसाच्या तेलांत खललेली पूड. ती डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत आणि लागेल तेव्हां पिशवी टोंचून पिळीत. एकदां टोंचलेली पिशवी पुन्हां नीट बंद होत नसे. रंग वाळून घट्ट होई, आणि प्रवासांत पिशवी फुटली तर अंगरखा रंगे तो वेगळाच. १८४१ सालीं जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानें कथलाची, दाबतां येणारी नळी काढून तिचें पेटंट घेतलें. झांकण फिरवावें, हवा तेवढा रंग काढावा, पुन्हां झांकण लावावें. त्या नळ्यांत भरावयाचे रंगहि नवे होते. शुद्ध निळ्यासाठीं पूर्वीं अफगाणिस्तानांतून येणारा राजावर्त नांवाचा मौल्यवान दगड कुटावा लागे. १८२८ च्या सुमारास गिमे या फ्रेंच माणसानें तो निळा कारखान्यांत बनविला. त्याआधींच कोबाल्टचा निळा आलेला होता, क्रोमचा पिवळा मिळूं लागला होता, आणि १८५९ सालीं एक असा हिरवा पेटंट झाला कीं जो उन्हानें विटत नसे. गोब्लँ येथील सरकारी विणकामाच्या कारखान्यांत रंगाईचा मुख्य असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानें १८३९ सालीं ग्रंथ लिहून दाखवून दिलें कीं, परस्परविरोधी दोन रंग शेजारीं ठेवले असतां दोन्ही अधिक तेजस्वी दिसतात. नारिंगी जवळ असला म्हणजे निळा अधिक निळा होतो. हें सर्व सामान बाजारांत व ग्रंथांत पडून होतें. तें वापरावें कसें, हें मात्र माणसानें माणसाला दाखवावें लागलें.

क्लोद मोनेला तें बूदां यानें दाखविलें. मोने ल आव्र बंदरांत वाढलेला. पंधरा-सोळा वर्षांचा असतांना गांवांतील प्रतिष्ठितांचीं व्यंगचित्रें काढून पैसे मिळवी आणि त्यांत अगदीं खूष असे. बूदां हा खलाशाचा मुलगा, आकाश आणि समुद्र यांचा वेडा. त्यानें १८५८ च्या सुमारास या पोराला बरोबर घेऊन उघड्यावर चित्र काढण्यास बसविलें. पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरहि आपण चित्रकार झालों तो बूदांमुळें, हें मोनेनें कधीं लपविलें नाहीं. १८६२ सालीं मोने पॅरिसला ग्लेअर नांवाच्या चित्रकाराच्या वर्गांत गेला. तेथें त्याला रेन्वा, सिस्ले व बाझीय भेटले, आणि त्या वर्गाचा इतिहासाला मुख्य उपयोग हाच झाला कीं हे चौघे तेथें एकमेकांना भेटले.

आतां पिसारोकडे वळतों. हा मोनेहून दहा वर्षांनीं मोठा. १८३० सालीं वेस्ट इंडीज बेटांपैकीं सेंट थॉमस या तेव्हांच्या डॅनिश वसाहतींत त्याचा जन्म झाला. बाप ज्यू व्यापारी. मुलानें दुकान सांभाळावें अशी घरच्यांची इच्छा; मुलगा धक्क्यावर माल मोजतां मोजतां हमालांचीं चित्रें काढी. शेवटीं एका डॅनिश चित्रकाराबरोबर तो व्हेनेझुएलाला निघून गेला, आणि १८५५ सालीं पॅरिसला आला तो चित्रकार होण्याचें ठरवूनच. तेथें त्यानें वृद्ध कोरोला गांठलें. त्या काळीं सरकारी प्रदर्शनाच्या सूचींत चित्रकारानें आपल्या गुरूचें नांव द्यावें अशी चाल होती. १८६४ व १८६५ च्या सूचींत पिसारोनें आपण कोरोचे शिष्य आहों असें नमूद केलें. ही बारीकशी गोष्ट ध्यानांत असूं द्यावी.

१८७० सालीं प्रशियाशीं युद्ध जुंपलें. पिसारो त्या वेळीं पॅरिसजवळ लूव्हसिएन या गांवीं बिऱ्हाड करून होता. बायकामुलांना घेऊन तो लंडनला निघून गेला. १८७१ सालीं परत येऊन पाहतो तों घरांत शत्रूच्या शिपायांनीं तळ दिलेला होता. वीस वर्षांचें काम त्या घरांत होतें. सुमारें दीड हजार चित्रें होतीं असें सांगतात, त्यांतलीं चाळीसच्या आसपास हातीं लागलीं. बागेंतल्या चिखलावरून चालतांना बूट भरूं नयेत म्हणून शिपायांनीं कॅनव्हास जमिनीवर अंथरले होते. एकेचाळीस वर्षांचा, कर्जांत बुडालेला, पोराबाळांचा माणूस. त्यानें घोडी उचलली व त्याच गांवचा रस्ता रंगविण्यास सुरुवात केली. त्या वर्षीं काढलेल्या चित्रांत एक मोठें चित्र आहे: लूव्हसिएनचा रस्ता, रस्त्यावरून चाललेली एक बाई व मूल, घरांचीं छपरें, आणि दूर क्षितिजावर जुन्या जलमार्गाच्या कमानी.

हेंच तें उसनें नेलेलें चित्र.

उसनें नेणारा सेझान हा दक्षिणेकडील एक्स गांवचा. बाप आधीं टोप्यांचा व्यापारी, मग सावकारी पेढीचा मालक. मुलाला वकील करण्याचा बेत फसल्यावर त्यानें कुरकुरत महिन्याचें वेतन बांधून दिलें. सेझाननें हॉर्तांस फिके या तरुणीशीं संसार थाटला होता आणि १८७२ च्या जानेवारींत त्यांना मुलगा झाला होता. परंतु बापाला कळलें तर वेतन बंद होईल या भीतीनें ही गोष्ट घरीं सांगितलेली नव्हती. १८६१ सालीं पॅरिसच्या एका स्वस्त अभ्यासिकेंत, जेथें शिक्षक नसे व थोड्या पैशांत नमुना समोर बसवून काढतां येई, तेथें पिसारोनें त्याला प्रथम पाहिलें. त्याच्या आडदांड रेखाटनाला बाकीचे हसत. पिसारोला त्यांत कांहीं तरी दिसलें. पुढील दहा वर्षांत सेझाननें जीं चित्रें काढलीं तीं पाहिलीं म्हणजे छातीवर दडपण येतें. खून, पिसाट वासना, शवें. रंग कालवण्याच्या सुरीनें लिंपलेला काळा, त्याशेजारीं पांढरा, मध्यें डांबरासारखा तपकिरी. सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं तीं वर्षामागून वर्ष परत पाठविलीं. त्यांचा दोष मी पुरता परीक्षकांकडे देणार नाहीं. त्या चित्रांत शक्ति आहे, पण ती कोंडलेल्या जनावराची आहे.

१८७२ सालीं पिसारो वाझ नदीवरच्या पाँत्वाज गांवीं राहण्यास गेला, आणि त्याच वर्षीं सेझानहि बायकामुलासह तेथें आला. पुढच्या वर्षीं तो जवळच्या ओव्हेर गांवीं राहूं लागला; चित्रांचा षोकीन असलेला डॉक्टर गाशे तेथें राहत असे. ओव्हेरहून सेझान पायीं पिसारोकडे येई. पिसारोचा थोरला मुलगा ल्युसियाँ त्या वेळीं नऊ-दहा वर्षांचा होता. लांब टांगा टाकीत येणाऱ्या त्या दाढीवाल्या माणसाची आठवण त्यानें जन्मभर ठेवली.

नक्कल करणें यांत त्या काळीं कमीपणा नव्हता. लूव्ह्रच्या संग्रहालयांत सर्वच नकला करीत; सेझाननेंहि केल्या होत्या. पण त्या नकला गत शतकांतल्या महापुरुषांच्या. हयात समकालीनाचें चित्र समोर ठेवून रेघेला रेघ उतरविणें हें निराळें. तेहतीस वर्षांच्या मानी माणसाला तें किती जड गेलें असेल याची कल्पना ज्यांनीं तरुणपणीं कोणाची तरी शागिर्दी केली आहे त्यांनाच येईल. सेझानची नक्कल मूळ चित्राहून लहान आहे. रस्ता तोच, माणसें तींच, कमानी त्याच. परंतु पिसारोच्या चित्रांत जेथें बारीक, मऊ स्पर्शांनीं हवा भरून राहिली आहे, तेथें सेझानचे फटकारे रुंद व ठाशीव झाले आहेत; तपशील गळाले आहेत आणि घरें अधिक घट्ट उभीं राहिलीं आहेत. म्हणजे अक्षर गुरूचें गिरविलें, पण वळण आपलें आलें. तरी महत्त्वाची गोष्ट ती नव्हे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या नकलेंत उजेड आहे.

तो उजेड आला कोठून? पिसारोनें सेझानला दिलेला धडा थोडक्यांत असा होता: काळा काढून टाक, डांबरी तपकिरी काढून टाक, पिवळी माती व कच्ची सिएना या मातकट रंगांनाहि निरोप दे. तांबडा, निळा, पिवळा हे तीन मूळ रंग आणि त्यांच्या लगतच्या मिश्रणांनींच रंगीव. आणि वस्तूची गोलाई उजेडापासून काळोखाकडे घोटून दाखवूं नकोस. शेजारीं शेजारीं ठेवलेल्या छटांच्या फरकानें ती आपोआप दिसूं दे.

ऐकावयास हें सोपें वाटतें. मी स्वतः एकदां वाईला कृष्णेच्या घाटावर तैलरंग घेऊन बसलों होतों. वय विशीच्या आंतलें. पायऱ्यांच्या सावल्या काढावयाच्या म्हणून मीं पिवळ्यांत काळा मिसळला. घाणेरडा हिरवा झाला. तांबड्यांत मिसळला; वाळलेल्या रक्ताचा डाग झाला. शेवटीं सरळ काळाच लावला. आमच्याबरोबर एक वृद्ध चित्रकार आले होते. ते मागें येऊन उभे राहिले, बराच वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, “अरे, ही सावली आहे कीं पायरीला पडलेलें भोंक?” मग त्यांनीं मला ती पायरी पाहावयास लावली. सावलींत आकाशाचा निळा उतरला होता, समोरच्या उन्हांतल्या दगडाची उब उलट येऊन तिच्यावर पडली होती, पाण्याजवळ ती हिरवट होती आणि वरच्या बाजूस जवळजवळ जांभळी. सावली म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे; ती दुसऱ्या उजेडाची जागा आहे. त्या दिवशीं मीं तिसऱ्यांदा कॅनव्हास खरवडला.

पिसारोची शिकवण्याची रीत पुढें अनेकांनीं अनुभविली. पॉल गोगँ हा शेअरबाजारांतला माणूस त्याच्याजवळ बसून शिकला. अमेरिकन चित्रकर्त्री मेरी कॅसट तर म्हणत असे कीं, हा माणूस दगडांनाहि नीट रेखाटावयास शिकवील. १८९६-९७ च्या सुमारास लुई ल बाय नांवाच्या एका तरुणानें त्याचा उपदेश टिपून ठेवला आहे, आणि आजहि जो कोणी उघड्यावर तैलरंगांत निसर्गचित्र काढूं पाहील त्याला तो उपयोगी पडेल. त्याचा आशय असा: आपल्या स्वभावाला जुळणारी जागा शोधावी. कडा कोरीत बसूं नये. योग्य रंगाचा व योग्य उजेडाचा स्पर्श पडला म्हणजे रेखाटन त्यांतूनच निघतें. एक कोपरा पुरा करून मग दुसऱ्याकडे वळूं नये. आकाश, पाणी, फांद्या, जमीन हीं सर्व एकदम पुढें न्यावींत, सगळीकडे थोडथोडे रंग ठेवीत जावें, आणि एकाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो तें पाहत राहावें. पहिली जाणीव निसटूं नये म्हणून हात आखडूं नये. चुकण्याची भीति बाळगूं नये.

या उपदेशांतलें ‘सर्व एकदम’ हें तत्त्व तैलरंगाच्या प्रकृतीला धरून आहे. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतला प्राणवायु घेऊन तें सावकाश घट्ट होतें, आणि त्याला दिवस लागतात. तेव्हां सकाळीं लावलेला आकाशाचा रंग दुपारींहि ओला असतो, आणि झाडाचा शेंडा त्या ओल्या रंगांतच घातला तर कडा आपोआप मऊ येते. जुन्या पद्धतींत हाच ओलेपणा अडचण होता. थर वाळेपर्यंत थांबावें लागे. या मंडळींनीं त्या अडचणीचाच उपयोग करून घेतला. मात्र एकाच जागीं तीनचार वेळां कुंचला फिरविला कीं सर्व रंग मिसळून राखेसारखा करडा होतो. म्हणून कुंचला टेकण्यापूर्वीं निर्णय झालेला असावा लागतो. मनाला येतील तसे फटकारे मारणाऱ्यांचें येथें हंसें होतें.

दोघे एकाच जागीं बसून एकच देखावा रंगवीत. त्यांना पाहणाऱ्या एका शेतकऱ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यानें म्हणे दोघांतला फरक दोन शब्दांत सांगितला: पिसारो टोंचतो, सेझान लिंपतो. कलासमीक्षकांनीं पुढें यावर पुस्तकें लिहिलीं, पण त्या शेतकऱ्यापुढें फारसे कोणी गेले आहेत असें मला वाटत नाहीं. १८७३ सालीं ओव्हेरमध्यें सेझाननें ‘फांस घेतलेल्याचें घर’ या नांवानें ओळखलें जाणारें चित्र काढलें. तें आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहे. नांव भयंकर असलें तरी चित्रांत भयंकर कांहीं नाहीं. उतरती वाट, दोन घरांमधली घळ, पलीकडे गांव आणि निळी टेकडी. रंग जाड, थरावर थर, भिंतीच्या गिलाव्यासारखा. पण काळोख गेलेला आहे. दहा वर्षें जी शक्ति कोंडलेली होती तिला खिडकी मिळाली.

१८७४ च्या एप्रिलमध्यें या मंडळींनीं सरकारी प्रदर्शनाकडे पाठ फिरवून स्वतःचें प्रदर्शन भरविलें. सेझानला घेण्यास कांहीं सभासद नाखूष होते. पिसारोनें आग्रह धरला. त्याच महिन्याच्या आरंभीं पिसारोची आठ वर्षांची मुलगी मिनेत वारली, आणि १५ तारखेला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या जागेंत प्रदर्शन उघडलें. पिसारोचें एक चित्र हिंवाळ्यांतल्या पहांटेचें होतें: नांगरलेल्या शेतावर पडलेलें दंव. एका विनोदी पत्राच्या लेखकानें त्यावर लिहिलें कीं, ही शेतें नव्हेत, मळक्या कॅनव्हासवर खरवडून टाकलेला पॅलेटवरचा रंग आहे. मोनेच्या एका चित्राच्या नांवावरून त्यानेंच ‘इंप्रेशनिस्ट’ हा शब्द थट्टेनें प्रचारांत आणला. सेझानची तर सर्वांत अधिक टवाळी झाली. परंतु त्याचें तें ओव्हेरचें घर काउंट दोरिया या रसिकानें विकत घेतलें.

दोन वर्षांनीं, १८७६ च्या जुलैमध्यें, दक्षिणेंतील समुद्रकांठावरून सेझाननें पिसारोला एक पत्र लिहिलें. येथलें ऊन इतकें प्रखर आहे कीं वस्तूंच्या नुसत्या आकृत्या दिसतात, आणि त्याहि काळ्यापांढऱ्याच नव्हे तर निळ्या, तांबड्या, तपकिरी, जांभळ्या. घोटून आणलेल्या गोलाईच्या हें अगदीं उलट आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांत आहे. शिष्यानें गुरूला दिलेला हा परीक्षेचा पेपर म्हणावयास हरकत नाहीं. उत्तर बरोबर होतें, आणि प्रश्नापेक्षां मोठें होतें.

गुरूहि शिष्यापासून शिकत होता, हें सांगितलें नाहीं तर अन्याय होईल. त्या वर्षांत पिसारोच्या चित्रांतहि सेझानसारखी सुरीनें लिंपलेली घट्ट अंगकाठी येते. १८९५ सालीं सेझानचें पहिलें मोठें प्रदर्शन पॅरिसला भरलें, तेव्हां पिसारोनें आपल्या मुलाला पत्र पाठविलें. त्यांत, आम्ही दोघे सदैव बरोबर असूं, त्याच्यावर माझा परिणाम झाला व माझ्यावर त्याचा, पण प्रत्येकानें आपली स्वतःची संवेदना राखली आणि तीच काय ती मोलाची, असें त्याचें म्हणणें आहे. मत्सराचा एक शब्द नाहीं. वास्तविक त्या दिवसांत पासष्टीच्या पिसारोला घरखर्चाची विवंचना सुटलेली नव्हती.

आणि त्या तीन रंगांच्या नियमाचें काय झालें? १९०४ सालीं एमील बर्नार नांवाचा चित्रकार एक्सला सेझानकडे गेला व त्यानें त्याच्या पॅलेटवरचे रंग मोजून लिहून ठेवले. त्यांत पिवळी माती आहे, कच्ची सिएना आहे, आणि पीच फळाच्या कोयी जाळून केलेला काळाहि आहे! ज्यांना घालवून द्यावयास पिसारोनें शिकविलें होतें ते परत आले होते. यांत गुरुद्रोह नाहीं. मोडलेला हात फळीला बांधतात तो सरळ जुळावा म्हणून. फळी जन्मभर वागवावयाची नसते. पण काळ्याविना सावली पाहण्यास जो शिकला त्याच्याच हातांत काळा रंग पुन्हां सुरक्षित होतो.

या साखळीचा एक दुवा आपल्यापर्यंतहि आला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले सय्यद हैदर रझा १९४८ सालीं काश्मीरमध्यें निसर्गचित्रें काढीत होते. तेथें त्यांना फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. हाहि मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी. चित्रें पाहून त्यानें सांगितलें कीं, तुमच्यांत गुण आहे, पण चित्रांत बांधणी नाहीं. सेझानचा अभ्यास करा. रझा त्याप्रमाणें १९५० सालीं पॅरिसला गेले. पिसारोनें उजेड दिला आणि सेझाननें त्या उजेडांत घर बांधलें. सव्विशींतल्या या चित्रकाराला त्या घराचा पत्ता अशा रीतीनें श्रीनगरांत मिळाला.

पिसारो १९०३ च्या नोव्हेंबरांत वारला. तोंवर सेझानची कीर्ति फार वाढली होती. तरुण चित्रकार त्याचें दर्शन घेण्यास एक्सला येत, आणि तो त्यांना सांगे कीं पिसारो मला बापासारखा होता. १९०६ सालीं त्याच्या गांवच्या कलामंडळानें एक प्रदर्शन भरविलें. सेझान तेव्हां सदुसष्ट वर्षांचा होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, उघड्यावर चित्र काढीत असतां वादळी पावसांत सांपडून, थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. गुरूचें नांव देण्याची त्याला कोणी सक्ती केलेली नव्हती. तरी त्या प्रदर्शनाच्या सूचींत त्यानें आपल्या नांवापुढें छापविलें: पॉल सेझान, पिसारोचा शिष्य.